बाराशे पिल्लांचा हीटर

मी अमरावतीत गाड्यांच्या हीटरचं काम करतो असं सांगितलं की पुण्याकडचे पाहुणे हसतात. "तुमच्याकडे मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तिथे हीटर कोण लावतं?" असं विचारतात. त्यांचं चुकत नाही. बडनेरा रोडवरच्या माझ्या वर्कशॉपच्या पाटीवर 'कार एसी' ही अक्षरं हातभर उंचीची आहेत. 'व हीटर' हे खाली कोपऱ्यात आहे, तेही पेंटरकडे थोडा रंग उरला होता म्हणून. वर्कशॉप आता माझा पुतण्या पाहतो. मी सकाळी जाऊन खुर्चीवर बसतो आणि कोणी न विचारता सल्ले देतो. एसीच्या कामावर माझं घर चाललं हे खरंच आहे, पण बसून सांगावं असं काही आठवायला लागलं की हीटरच आठवतात.

गाडीत हीटरची वेगळी शेगडी असते असं बऱ्याच लोकांना वाटतं. तसं काही नसतं. इंजिन चालू झालं की तापतं. ते फार तापू नये म्हणून त्याच्या अंगातून पाणी फिरवतात. ते पाणी गरम होऊन पुढच्या रेडिएटरमध्ये जातं, तिथं वाऱ्यानं थंड होतं आणि परत येतं. त्यातलंच थोडं गरम पाणी एका नळीनं डॅशबोर्डच्या मागं नेऊन दुसरीनं परत आणलेलं असतं. तिथं शाळेच्या वहीएवढा एक छोटा रेडिएटर असतो. त्याच्यावर पंखा हवा मारतो आणि ती हवा गरम होऊन तुमच्या पायाशी येते. झाला हीटर.

त्याचा बिघाड शोधायला मला मशीन लागत नाही. बॉनेट उघडायचं आणि त्या दोन नळ्या मुठीत धरायच्या. दोन्ही गरम असून आत हवा थंड येत असेल तर दोष पंख्याचा किंवा हवा वळवणाऱ्या आतल्या झडपेचा. एक नळी गरम आणि एक थंड असेल तर छोटा रेडिएटर चोंदला. आणि दोन्ही नळ्या कोमट असतील तर एक तर पाणी कमी आहे, नाही तर पाणीच तापत नाही. नव्या पोरांना मी हे बोटांवर मोजून शिकवलं आहे.

उन्हाळ्यातसुद्धा हीटर माणसाला छळतो. अकोल्याचे एक कापड व्यापारी भर मे महिन्यात घामाघूम होऊन माझ्याकडे आले होते. गाडीच्या एसीत तीनदा गॅस भरून झाला होता, तरी हवा गरमच. मी एसीची नळी धरून पाहिली तर ती बर्फासारखी गार. म्हणजे थंडावा तयार होत होता, पण आत येताना त्यात हीटरची ऊब मिसळत होती. हीटरची झडप बंद होत नव्हती. डॅशबोर्ड उघडला, हात घातला आणि झडपेत अडकलेला एक जाड कागद ओढून काढला. कोणीतरी वायपरखाली खोचलेला तो काचेखालच्या जाळीच्या तुटक्या पट्टीतून आत पडला असणार आणि सरकत सरकत झडपेपर्यंत आला असणार. ती लग्नपत्रिका होती. कोपऱ्याला हळदकुंकू तसंच होतं.

व्यापाऱ्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि मटकन स्टुलावर बसले. मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका होती ती, पाच वर्षांपूर्वीची. आपल्याला बोलावलंच नाही म्हणून ते तेव्हा मेहुण्याशी चारचौघांत भांडले होते आणि तेव्हापासून दोन घरांचं येणंजाणं बंद होतं.

त्यांनी तिथूनच फोन लावला. "पत्रिका भेटली," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "नाई जी, आत्ता भेटली. गाडीत... एसीत होती." पलीकडचं हसणं मला चार हातांवरून ऐकू आलं. माझे पैसे द्यायचे विसरून ते तडक मेहुण्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन आले तेव्हा सोबत पेढे होते.

पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती हिवाळ्यातली आहे, आणि तिच्यात झडपेचा काही दोष नव्हता.

मूर्तिजापूरहून दर्यापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात सुरेखाताई राहतात. वय चाळीसच्या आसपास. घरी कपाशी आणि सोयाबीनची शेती, ती नवरा पाहतो. सुरेखाताईंनी बचत गटाच्या नऊ बायांना घेऊन कोंबड्यांचा धंदा उभा केला होता. अमरावतीजवळच्या हॅचरीतून, म्हणजे जिथे मशीनमध्ये अंडी उबवतात तिथून, एक दिवसाची पिल्लं आणायची. गावात घरोघरी बल्बच्या उबेत ती वाढवायची आणि मोठी झाली की विकायची. पिल्लं आणण्याचं काम सुरेखाताईंचं. त्यासाठी त्यांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली होती, मागच्या सीटा काढून टाकलेली. चालवायच्या स्वतःच.

एक दिवसाच्या पिल्लाला स्वतःच्या अंगात ऊब धरता येत नाही. त्याला भोवती तेहतीस-चौतीस डिग्री लागते. उन्हाळ्यात आमच्याकडे तेवढी ऊब सावलीतही फुकट मिळते. डिसेंबरात मात्र पहाटे पारा दहा-अकरावर येतो. तेव्हा सुरेखाताई गाडीचा हीटर लावत, काच बोटभर उघडी ठेवत आणि पिल्लांची खोकी गावाला नेत. अख्ख्या वऱ्हाडात हीटर रोजच्या कामाला वापरणारं माझं ते एकच गिऱ्हाईक असावं.

त्या डिसेंबरात एका दुपारी त्या वर्कशॉपमध्ये आल्या. "गजाननभाऊ, हीटर काम नाई करून राह्यला," त्या म्हणाल्या. "चाळीस पिल्लं गेली माही."

मी इंजिन चालू ठेवलं, पंधरा-वीस मिनिटं थांबलो, नळ्या धरल्या. दोन्ही गरम. आत हात लावला तर हवा मस्त गरम.

"चालते तर," मी म्हटलं.

"आता चालते," त्या म्हणाल्या आणि गाडी घेऊन गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. या खेपेत सव्वाशेच्या वर पिल्लं मेली होती. मी छोटा रेडिएटर धुऊन काढला, एक जुनी नळी बदलली, पाणी नवं भरलं. पुन्हा इंजिन चालू केलं. गरम हवा भरभरून आली. मी खूश होऊन त्यांच्याकडे पाहिलं. त्या हसल्या नाहीत.

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा गाडी बाहेर उभी करून आधी माझ्यासमोर स्टुलावर बसल्या. रिकामी गाडी रस्त्यावर पळवून पाहिली होती, तरी हवा गरम येत नव्हती. गटातल्या दोन बायांनी काम सोडायचं ठरवलं होतं. उरलेल्या म्हणत होत्या की थंडी जाईपर्यंत पिल्लं आणूच नका. हॅचरीत तर बाराशे पिल्लं आधीच सांगून ठेवलेली होती आणि शुक्रवारी ती निघणार होती.

"भाऊ, तुमच्या गॅरेजात हीटर चालते. माह्या रस्त्यावर नाई चालत," सुरेखाताई म्हणाल्या. "म्हून शुक्रवारी तुमी माह्यासंग चला. जे होते ते तुमच्या डोयानं पाहा."

इतक्या वर्षांत कोणत्याच गिऱ्हाइकानं मला असं सांगितलं नव्हतं. मी हो म्हटलं.

शुक्रवारी उजाडता उजाडता हॅचरीच्या दारात गाडी लागली. पुठ्ठ्याची बारा खोकी, प्रत्येकात शंभर पिल्लं, बाजूंना हवेसाठी भोकं. सुरेखाताईंनी गाडी आधीच अर्धा तास चालू ठेवून आत ऊब केली होती. आरशाला दोरीनं एक तापमापक टांगला होता, त्यात बत्तीस दिसत होते. डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या उष्णतेचा काटा मात्र तळाशी पडून होता. तो बंद पडल्याला दीड-दोन वर्षं झाली होती. "त्याच्यावाचून काही अडत नाही," असं तेव्हा मीच त्यांना सांगितलं होतं.

खोकी चढवली, मी बाजूला बसलो आणि निघालो. मागं बाराशे पिल्लं हळू आवाजात चिवचिवत होती. पाऊस पडायच्या आधी पानांची सळसळ होते ना, तसा तो आवाज होता.

"हा आवाज चांगला हाय," सुरेखाताई म्हणाल्या. "असे बोलतात तोवर चिंता नाई. थंडी वाजली का मंग पाहा कसे कल्ला करतात."

बडनेऱ्यातून आम्ही गर्दीमुळं सावकाश निघालो. सगळं ठीक. मग मोठा रस्ता लागला, मोकळा आणि गुळगुळीत. सुरेखाताईंनी गाडी ऐंशीवर नेली. पिल्लं लवकरात लवकर पोचवायची ही त्यांची घाई. दहा मिनिटांत मागचा आवाज बदलला. आधी एका खोक्यातून, मग सगळ्यांतून तीक्ष्ण चीं-चीं सुरू झाली. एकदा सुरू झाली ती वाढतच गेली. तापमापकात सव्वीस. मग चोवीस. मी डॅशबोर्डच्या जाळीवर हात धरला. हवा थंड नव्हती, पण गरमही म्हणता आली नसती.

"पाह्यलं?" सुरेखाताई म्हणाल्या. त्यांचे हात स्टिअरिंगवर आवळले होते. "हे रोजचं हाय. तुमच्या गॅरेजात हे कुटं दिसते?"

मी म्हटलं, "ताई, गाडी चाळीसवर घ्या."

"चाळीसवर? उशीर नाई का होणार?"

"घ्या तर."

त्यांनी वेग कमी केला. मागचे ट्रक हॉर्न मारत बाजूनं गेले. आम्ही तसेच हळूहळू चाललो. थोड्या वेळानं जाळीवरच्या माझ्या हाताला ऊब लागली. मागचा कल्लाही उतरत गेला आणि पुन्हा ती पानांसारखी सळसळ सुरू झाली.

"आता पुन्हा ऐंशी," मी म्हटलं.

"भाऊ, माह्या पिल्लायवर प्रयोग करून राह्यले का तुमी?"

"एकदाच."

पुन्हा ऐंशी, पुन्हा कल्ला. मी गाडी बाजूला घ्यायला लावली, उतरलो आणि बॉनेट उघडून दोन्ही नळ्या धरल्या. दोन्ही कोमट.

पाणी पुरेपूर होतं, मीच भरलं होतं. म्हणजे पाणीच तापत नव्हतं. वेगात गाडी पळाली की थंड वारा रेडिएटरवर आदळतो आणि पाणी तापायच्या आधीच गार होतं. असं होऊ नये म्हणून इंजिनात लिंबाएवढा एक भाग असतो, थर्मोस्टॅट. तो पाण्याच्या वाटेवरचं दार असतो. इंजिन नीट तापेपर्यंत हे दार बंद राहतं आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. या गाडीत ते दार सताड उघडं असल्यासारखं चाललं होतं.

हे माझ्या मनात आलं आणि त्याच क्षणी मला ते दार कुठे आहे तेही आठवलं. ते माझ्या वर्कशॉपमध्ये होतं, भंगाराच्या डब्यात.

दोन उन्हाळ्यांपूर्वी सुरेखाताईंची गाडी फार तापत होती. थर्मोस्टॅट अडकत होता. नवा नागपूरहून मागवावा लागला असता, दोन दिवस लागले असते. मी तो काढून टाकला आणि वरचं झाकण तसंच बसवून गाडी दिली. आमच्याकडचे सगळे मिस्त्री हेच करत आले आहेत. इथल्या उन्हात इंजिन गार राहिलं म्हणजे झालं, ते कमी तापेल याची चिंता इथे कोणी करत नाही. पहिल्या हिवाळ्यात त्यांना त्रास झाला नाही, कारण तेव्हा त्या पिल्लं आतल्या खड्ड्यांच्या रस्त्यानं आणत आणि गाडी कधी तिसाच्या वर जातच नसे. हॅचरी बदलली, मोठा रस्ता मिळाला, वेग वाढला, आणि माझी करणी उघडी पडली.

मला तिथेच हे सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं नाही. पिल्लं ओरडत आहेत, आधी त्यांचं पाहू, असं मी स्वतःला समजावलं.

"ताई, एक खोकं रिकामं करा," मी म्हटलं. "मला पुठ्ठा पाहिजे."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. एक खोकं उघडलं आणि ओंजळी-ओंजळीनं पिल्लं दुसऱ्या खोक्यांत वाटायला लागल्या. मीही हात घातला तर माझ्या मनगटावर चापट बसली.

"थंडे हायत तुमचे हात! आधी चोया."

मी हात चोळले. मग एकेक पिल्लू उचललं. कापसाचं बोंड हातात घ्यावं तसं वजन, आणि आत कुठेतरी काहीतरी भराभर धडधडतंय. जागा पुरेना तेव्हा सुरेखाताईंनी उरलेली वीसेक पिल्लं सरळ माझ्या स्वेटरच्या आत सोडली. "हलू नका," त्या म्हणाल्या.

वीस पिल्लं पोटाशी घेऊन वाकून काम करायचा प्रसंग माझ्यावर आधी कधी आला नव्हता. त्यांचे पाय पोटाला गुदगुल्या करत होते, एक तर गळ्यापर्यंत चढून बाहेर डोकावत होतं. तशात मी खोक्याचा पुठ्ठा कापला, रेडिएटरच्या समोर अर्ध्याहून जास्त भागावर लावला आणि सुतळीनं घट्ट बांधला. वारा अडला की पाणी तापेल एवढाच हिशेब. मग गाडीत बसलो.

"साठच्या वर नेऊ नका. आणि पाच मिनिटांनी सांगा आवाज कसा आहे."

पाच मिनिटं कल्ला तसाच होता. सुरेखाताईंचे हात पुन्हा स्टिअरिंगवर आवळायला लागले. दहाव्या मिनिटाला जाळीतून गरम हवा आली. खरी गरम, हात मागे घ्यावा अशी. तापमापक अठ्ठावीसवर गेला, मग तीसवर, मग बत्तिसावर. मागचा कल्ला विरत विरत गेला. सुरेखाताई एकदम मोठ्यानं हसल्या आणि त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली.

"निजले! अवो भाऊ, निजले सारे!"

माझ्या स्वेटरमधली वीसही निजली होती. गाव येईपर्यंत मी हललो नाही.

गावात सुरेखाताईंच्या अंगणात नऊही बाया उभ्या होत्या, त्या काम सोडणाऱ्या दोघीसुद्धा. बहुतेक त्या शेवटचं पाहायला आल्या होत्या. खोकी उघडली. प्रत्येक पिल्लाची चोच गुळाच्या पाण्यात बुडवून त्याला खाली सोडायचं, अशी पद्धत असते. बाया बसल्या, चोची बुडवत गेल्या, मोजत गेल्या. सगळं मोजून झालं तेव्हा मेलेली फक्त तीन निघाली. तेवढी तर उन्हाळ्यातही जातात.

मग सुरेखाताईंनी माझी गोष्ट सांगायला सुरुवात केली. "या मिस्तरीनं रस्त्यावर गाडी थांबोली, नुस्ता हात लावला अन् सांगलं काय झालं ते. पुठ्ठ्यानं हीटर चालू केला. नागपुरात असा मिस्तरी नाई भेटनार." बाया माझ्याकडे कौतुकानं पाहत होत्या. मला खाटेवर बसवलं. चहा आला, चिवडा आला. सगळ्यात वयस्कर पार्वताबाईंनी स्वतःच्या हातानं चिवड्याची बशी माझ्यापुढं केली.

मी एक घास तोंडात घातला. मग बशी खाली ठेवली.

"थांबा," मी म्हटलं. "तो भाग मीच काढला होता."

कोणाला काही समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं. थर्मोस्टॅट म्हणजे काय, तो कधी काढला, का काढला. नवा मागवायचा कंटाळा केला हेही सांगितलं. काटा बंद होता आणि तोही मी दुरुस्त केला नाही, तो चालू असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, हेही सांगितलं.

पार्वताबाईंनी चिवड्याच्या बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजे बिमारीई तुमीच देल्ली अन् डाक्टरई तुमीच!" त्या म्हणाल्या.

बाया खो खो हसायला लागल्या. एकजण तर हसता हसता खाली बसली. सुरेखाताई हसल्या नाहीत. त्या हातातल्या पिल्लाच्या पाठीवरून बोट फिरवत होत्या.

"दोन खेपांत जे मेले, ते मी माह्या हातानं पुरले, भाऊ," त्या म्हणाल्या. बायांचं हसणं थांबलं. "मले वाटे माहीच काई चूक होऊन राह्यली. काच जास्त उघडी राह्यली असन, खोके बराबर नसन लावले. रात रातभर इचार करो मी."

चुकलो, एवढंच म्हटलं.

त्यांनी पिल्लू खाली सोडलं. "तुमी सांगलं काहून? नसतं सांगलं त मले कदी समजलं असतं का?"

"नसतं समजलं," मी म्हटलं.

त्यांनी चिवड्याची बशी उचलून पुन्हा माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "चिवडा खा. पुढच्या शुक्रवारच्या खेपेआधी तो भाग बसवून द्या. अन् तुमी पुढं नाई बसाचं. मागं पिल्लायसंग बसाचं."

"अन् एकई पिल्लू कमी भरलं त हा मिस्तरी भरून देईन," पार्वताबाईंनी निकाल दिला. तो सर्वांनी मान्य केला, मीसुद्धा.

नवा थर्मोस्टॅट नागपूरहून दोन दिवसांत आला. दोनच दिवस लागणार होते, तेव्हाही दोनच लागले असते. सुरेखाताईंनी गाडी आणली तेव्हा तो बसवला, काट्याची तार शोधून काट्यातही जीव आणला. मग खुर्चीवर बसून विचार करत राहिलो की आजवर असे किती थर्मोस्टॅट मी काढले असतील. आठवतील तेवढ्या गिऱ्हाइकांना फोन लावले आणि सांगितलं, येऊन बसवून घ्या, पैसे नकोत. बहुतेकांनी मलाच वेड्यात काढलं. "वऱ्हाडात हीटर कोन लावते जी?" एक वकीलसाहेब मात्र दर थंडीत चिखलदऱ्याला जातात. ते फोनवर ओरडलेच. "थेच मी म्हनो! घाटात माही काच काहून धुंद होते! बायको म्हने तुमी जास्त बोलता म्हून!" दुसऱ्या दिवशी ते सपत्नीक हजर झाले. त्यांच्यासमोर काम केलं आणि हीटरची गरम हवा नसली की काच कशी धुंद होते ते वहिनींना नीट समजावून सांगितलं. वकीलसाहेब मला अजून आशीर्वाद देतात.

शुक्रवारी ठरल्याप्रमाणे मी मागे बसलो. दोन्ही बाजूंना खोकी, गुडघे छातीशी. सुरेखाताईंनी मोठा रस्ता लागताच गाडी ऐंशीवर नेली. तिथून मान उंच करून पाहिलं तर काटा बरोबर मधोमध उभा होता. तापमापकात तेहतीस. मागं मला घाम फुटला होता. पिल्लं सुखात होती, काही तर एकमेकांच्या पाठीवर मान टाकून झोपली होती. सुरेखाताई मधूनच विचारत, "भाऊ, जित्ते हायेत ना?"

"सगळे जित्ते आहेत."

"मी तुमचं इचारून राह्यली!"

गावात पुन्हा मोजणी झाली. या वेळी मोजायला पार्वताबाई स्वतः बसल्या आणि मला समोर बसवलं. एकेक चोच पाण्यात बुडत होती, आकडा वाढत होता. मी बोटं मोडत होतो. अकराशे नव्व्याण्णव. बाराशे. आणि खोक्यात अजून एक उरलं होतं.

"बाराशे एक," पार्वताबाई म्हणाल्या.

पुन्हा मोजलं. बाराशे एक. हॅचरीत एखादं जास्तीचं पडलं असणार. पण अंगणात बाळ जन्माला आल्यासारखा आनंद झाला. काम सोडायला निघालेल्या दोघींनी त्याच दिवशी पुढच्या महिन्याची पिल्लं सांगितली. ते जास्तीचं पिल्लू कोणाच्या वाट्याला घालायचं यावर थोडी चर्चा झाली. मग सुरेखाताईंनी ते उचललं आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवलं.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "बल्बाखाली ठेवजा. अन् खिशावर हात ठेवा, गाडीत हवा लागते."

मला मूर्तिजापूरच्या स्टँडवर सोडून त्या परत गेल्या. अमरावतीची बस भरलेली होती. मी खिडकीची जागा सोडून मधली घेतली आणि उजवा हात छातीवर ठेवून बसलो. कंडक्टर तिकिटं फाडत जवळ आले, तेवढ्यात खिशातून चिव असा आवाज झाला. शेजारच्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. कंडक्टरांनीही पाहिलं.

"काय हाय खिशात?"

मी हात बाजूला केला.

"कोंबडीचं तिकीट लागते, काका."

"अजून कोंबडी झाली नाही," मी म्हटलं. "कालची आहे."

ते वाकले आणि खिशात डोकावून बराच वेळ पाहत राहिले. पिल्लानं एकदा डोळे उघडले, मिटले आणि मान शिवणीवर टाकली. मी पुन्हा हात ठेवला.

"निजलं," कंडक्टर म्हणाले. माझं एकट्याचं तिकीट त्यांनी माझ्या डाव्या हातात दिलं आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला कुठं जायचं ते अगदी हळू आवाजात विचारलं.